डग्गा फोनमध्ये ऐकू येत नाही

घरात तबला होता, वाजवणारं कुणी नव्हतं. मुलाने शाळेत असताना क्लास लावला होता, दोन परीक्षाही दिल्या, मग दहावीचं वर्ष आलं आणि जोडी गवसणीसकट कपाटावर गेली. २०२० च्या मार्चमध्ये लोकल बंद झाल्या तेव्हा डोंबिवली ते ठाणे हा रोजचा प्रवास वाचला आणि एकदम दोन-अडीच तास हातात उरले. त्या दिवसांत कुणी केक केले, कुणी गच्चीवर भाजी लावली. मी तबला खाली काढला. वय चाळिशीच्या पुढे, गाण्याची आवड ऐकण्यापुरती, हात अकाउंट्सच्या कीबोर्डला सरावलेले. मुलाचे सर तेव्हा कुणालाच घरात घेत नव्हते. त्यामुळे शिकायचं तर फोनवरूनच.

‘व्हिडिओ बघून काही येत नाही’ असं ठासून सांगणारे लोक भेटतात. मला ते पटत नाही. पुष्कळ येतं. तीनतालाच्या सोळा मात्रा, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्यावर काल, म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडायचा. झपतालाच्या दहा, एकतालाच्या बारा. रूपकाच्या सात आणि त्यात सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, पडते तीच कालावर. हे सगळं मी भाजी चिरता चिरता शिकले. हाताने टाळी देत तोंडाने बोल म्हणायचे, म्हणजे पढंत करायची, ती तर एकटीने फारच छान होते. चुकलं तर कुणी हसत नाही, मागे जाऊन पुन्हा ऐकायला कुणाची परवानगी लागत नाही. लेहऱ्याचं अॅप घेतलं. हार्मोनियमची किंवा सारंगीची तीच ओळ हव्या त्या लयीत, हव्या त्या पट्टीत, पहाटे पाचलाही न कुरकुरता वाजत राहते. पूर्वी लेहरा धरायला कुणालातरी विनवण्या कराव्या लागत, हे मला नंतर कळलं.

तालाच्या लिप्यासुद्धा मी फोनवरच शिकले. भातखंडे पद्धतीत समेला गुणिलेची खूण, कालाला शून्य, आणि बाकीच्या टाळ्यांना दोन, तीन असे क्रमांक. पलुस्कर पद्धतीत समेला एक, कालाला अधिकची खूण, आणि टाळी ज्या मात्रेवर असेल त्या मात्रेचा आकडा. घाईत लिहिलेलं गुणिले आणि अधिक एकसारखंच दिसतं, म्हणजे एका पद्धतीतली सम दुसऱ्या पद्धतीत काल होऊन बसते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेला बसणारी मुलं इथे हमखास गोंधळतात. एका तरुण शिक्षकाने पाच मिनिटांच्या व्हिडिओत दोन रंगांची अक्षरं वापरून ते इतकं स्वच्छ समजावलं होतं, की पुढे मला त्यात कधी विचार करावा लागला नाही. आमचे सर या विषयाला हातही लावत नाहीत. ‘ते तुम्ही बघून घ्या’ म्हणतात.

अडचण हाताशी सुरू झाली.

आधी साधी गोष्ट, आरशाची. शिकवणारा कॅमेऱ्याकडे तोंड करून बसतो, त्याचा उजवा हात मला डावीकडे दिसतो. त्यावर उपाय होता. वरून कॅमेरा लावून शूट केलेले व्हिडिओ शोधून काढले, त्यात हात आपल्याच हातासारखे दिसतात. पण वरून बघताना मनगट किती उचललंय, बोट किती उंचीवरून येतंय, हे कळत नाही. समोरून पाहावं तर बोटांची जागा कळत नाही.

मग वेग. ‘तिरकिट’ नीट दिसेना म्हणून मी व्हिडिओ पाव वेगाने लावायला लागले. आवाज घशात अडकल्यासारखा येतो, पण बोटं तरी दिसतील असं वाटलं होतं. बोटांच्या जागी धुकं दिसलं. त्याचा हिशोब अगदी सरळ आहे. मिनिटाला २४० मात्रांची लय, म्हणजे सेकंदाला चार मात्रा. त्यात चौपट वाजवलं की सेकंदाला सोळा आघात. नेहमीच्या व्हिडिओत सेकंदाला ३० चित्रं असतात, म्हणजे एका आघाताच्या वाट्याला धड दोन चित्रंही येत नाहीत. जे टिपलंच गेलं नाही ते वेग कमी करून कुठून दिसणार? त्यात दिल्लीच्या बाजाचा, म्हणजे वादनशैलीचा, एक वादक आणि पूरबच्या बाजाचा दुसरा, दोघं तोच बोल वेगवेगळ्या बोटांनी काढतात. दिल्लीचं काम बरंचसं चाटेवर, म्हणजे चामड्याच्या पुडीच्या कडेवर, आणि दोन बोटांवर, पूरबचा हात मोकळा, चाट आणि मधली काळी शाई यांच्यामधल्या लवेवर आणि पंजाने पसरणारा. मी सकाळी एकाकडून ‘तिट’ घेत होते आणि रात्री दुसऱ्याकडून ‘तिरकिट’. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.

पण मला सगळ्यांत महाग पडली ती गोष्ट याहून बारीक होती, आणि ती मला दीड वर्ष कळलीच नाही.

दिल्लीचा एक कायदा, म्हणजे ठरावीक बोलांची बांधलेली रचना, आहे, जवळजवळ सगळ्यांचा पहिला कायदा तोच असतो. धाधा तिट धाधा तूंना, ताता तिट धाधा धिंना. पहिल्या अर्ध्यात डग्गा, म्हणजे जोडीतलं डाव्या हाताचं खर्जाचं वाद्य, बोलतो, ती भरी. मग ‘ताता’ला डग्गा थांबतो, उजवा हात तेच वाजवत राहतो, ती खाली. आणि शेवटच्या ‘धाधा’ला डग्गा परत येतो. ‘धा’ आणि ‘ता’ यांत उजव्या हाताचं काम एकच, फरक सगळा डाव्याचा. फोनचा स्पीकर असतो नखाएवढा, त्यातून खर्जातला आवाज निघतच नाही. चाट टणटणीत ऐकू येते आणि डग्गा गायब. त्यामुळे मी जो कायदा ऐकत होते त्यात ‘धाधा’ आणि ‘ताता’ जवळपास सारखेच होते. डाव्या हाताने कधी आघात करायचा हे मला पाठ होतं, कारण बोल पाठ होते. तो आघात वाजला पाहिजे, घुमला पाहिजे, त्यावरून मनगट सरकलं की आवाज वर चढला पाहिजे, याची अपेक्षाच कानाला नव्हती.

सरांकडे गेले ते २०२१ संपता संपता. वय सत्तरीच्या पुढे, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये नोकरी करून निवृत्त झालेले, रामनगरातल्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत सतरंजी, भिंतीशी गवसण्यांची रांग, एका कोपऱ्यात रेडिओ. तोवर मला पाच-सहा कायदे, दोन रेले, म्हणजे वेगात वाजवायच्या रचना, आणि बऱ्याच तिहाया, म्हणजे तीनदा वाजवून समेवर यायचे तुकडे, येत होत्या असं माझं मत होतं. पहिल्याच दिवशी मी तयारीने विचारलं, काय वाजवू?

‘‘काही नको. नुसता ‘ना’ वाजवा.’’

मी वाजवला. परत वाजवा म्हणाले. परत वाजवला. ते माझ्या बोटांकडे बघतच नव्हते, खांद्याकडे बघत होते.

‘‘तुम्ही श्वास रोखता.’’

हे मला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगणार तरी कोण? व्हिडिओतल्या माणसाला माझा खांदा दिसत नाही. आघाताच्या आधी मी श्वास धरत होते, खांदा कानाकडे चढत होता, कोपर अंगाशी आवळत होतं, आणि या सगळ्याचा ताण अनामिकेत उतरत होता. ‘ना’ वाजवताना तर्जनी चाटेवर पडते आणि अनामिका शाईच्या कडेला नुसती टेकलेली असते. माझी अनामिका दाबून बसली होती. आवाज यायचा, पण कोरडा. सरांनी माझ्या अनामिकेखाली आपली करंगळी घातली, अगदी वाल सोलताना देतो तेवढा दाब दिला आणि म्हणाले, ‘‘एवढंच.’’ मग चुंबळीवर तबल्याचा कल बदलला, मला चार बोटं मागे सरकवलं, डग्ग्याचं तोंड थोडं फिरवलं. पुढचा ‘ना’ वाजला तो खोलीत जरा वेळ रेंगाळला.

त्यानंतर सहा-सात महिने तोच एक कायदा. मी आधी येणाऱ्या पाच-सहा कायद्यांची नावं घेतली की ते ‘असू दे’ म्हणत. संध्याकाळी ऑफिसातून यायचं, ठाण्याहून सहा पंचवीसची लोकल मिळाली तर सव्वासातला क्लास, नाही तर दार उघडायलाच उशीर. आणि तिथे जाऊन काय, तर धाधा तिट. मुलगा फोनवर म्हणायचा, ‘‘आई, तू अजून तिथेच?’’ मला स्वतःलाही तसंच वाटायचं. सर दुसऱ्या खोलीत चहा टाकत असायचे आणि तिथून ओरडायचे, ‘‘डग्गा झोपला!’’ किंवा ‘‘दुसरा तिट पहिल्यासारखा नाही!’’ भिंतीपलीकडून, गॅसच्या आवाजात. मी रेकॉर्ड करून ऐकायचे तेव्हा तो दुसरा तिट खरंच लंगडा निघायचा.

यूट्यूबने मला सगळं एकदम दिलं होतं. सरांनी काय दिलं याचा विचार केला तर पहिल्यांदा आठवतं ते त्यांनी काय दिलं नाही ते. रेला मागितला, मिळाला नाही. पेशकार, म्हणजे एकलवादनाच्या सुरुवातीची संथ रचना, मागितला, ‘आधी बसायला शीक’ हे उत्तर. कुठली गोष्ट कधी द्यायची आणि तोवर ती कशी अडवून धरायची, ही कला व्हिडिओवाल्याकडे असूच शकत नाही. पुढचा व्हिडिओ शेजारीच लागलेला असतो, आणि तो मी बघितला तर त्या बिचाऱ्याचा फायदाच आहे.

आता सरांची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर ही गुरुपौर्णिमेची भाषणं होतात. ते वेळ पाळत नाहीत. तासभराच्या क्लासमधली वीस-पंचवीस मिनिटं गोष्टींत जातात, त्यातल्या काही मी आता त्यांच्याआधी पूर्ण करू शकते. ‘का?’ विचारलेलं त्यांना चालत नाही. असंच असतं, हे त्यांचं शेवटचं उत्तर. वर्कशॉपच्या भाषेत रागावतात. लहान मुलग्यांना जितका वेळ देतात तितका मुलींना देत नाहीत, हे मी त्यांच्या तोंडावर बोलले तेव्हा त्यांनी ते मान्य केलं आणि पुढच्या आठवड्यापासून परत तेच. आणि फी महिन्याची, सुट्ट्या त्यांच्या मर्जीच्या.

‘का?’चं उत्तर मी फोनकडूनच घेतलं. एरवी चामड्याच्या वाद्यातून निघणारे वरचे स्वर मूळ स्वराशी जुळत नाहीत, म्हणून ढोलाचा आवाज आपल्याला धमधम ऐकू येतो, त्यात सूर सापडत नाही. तबल्याला मात्र सूर असतो. १९२० साली सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की पुडीवर मध्ये भरलेल्या शाईच्या वजनामुळे हे वरचे स्वर एकपट, दुप्पट, तिप्पट अशा प्रमाणात येऊन बसतात. आणि ‘ना’ला अनामिका का टेकवायची, तर तिच्यामुळे मूळ कंपन दबतं आणि वरचे स्वर मोकळे होतात. दाबून धरलं तर तेही मरतात. मी हे वाचून हरखून गेले आणि सरांना समजावून सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

‘‘रामनसाहेबांचा स्वतःचा ‘ना’ कसा होता?’’

एवढं बोलून चहा ओतायला गेले. पण त्यानंतर नवीन मुलगा आला की ‘बोट दाबू नकोस, शास्त्रज्ञांनी सांगितलंय’ असं सांगताना मी त्यांना ऐकलंय.

तबला सुरात लावायला शिकले तो भाग थोडा सविस्तर सांगते, कारण इथे मशीन आणि माणूस समोरासमोर आले. पावसाळ्यात डोंबिवलीच्या हवेत पुडी सैल पडते, आदल्या दिवशी हार्मोनियमच्या काळी एकला लावलेला तबला सकाळी पांढरी एकच्या आसपास घसरलेला असतो. मी ट्यूनरचं अॅप लावायचे. तबल्याचा आवाज क्षणभराचा. काटा थरथरतो, एकदा इकडे दाखवतो, एकदा तिकडे, तोवर आवाज विरतो. शिवाय तो एका वेळी एकाच घराचा सूर दाखवतो. गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या चामड्याच्या वेणीवर, सोळा घरं असतात, एक वर गेलं की त्याचा समोरच्यावर परिणाम होतो. सरांनी अॅप बंद करायला लावलं. तंबोऱ्याचं अॅप मात्र चालू ठेवलं, आणि एक घर, मग त्याच्या बरोबर समोरचं, मग त्यांच्या मधली दोन, असं फिरत जायला शिकवलं. हातोडी गजऱ्यावर वरून मारली की सूर चढतो, खालून मारली की उतरतो. घर मोठं चढलेलं असेल तर गजऱ्याला हात लावायचा नाही, वादीखालचा लाकडी गठ्ठा सरकवायचा. माझ्याकडून एक घर लागायला दहा मिनिटं लागत. त्यांच्याकडून आख्खा तबला तेवढ्यात लागतो, मधे फोनवर गॅसवाल्याशी बोलून. ते म्हणतात की सूर लागला की पुडीचा आवाज खोलीतून परत येतो. मला अजून प्रत्येक वेळी येतोच असं नाही.

मधे त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ते दोन महिने मुलाकडे बंगळुरूला राहिले. तेव्हा व्हिडिओ कॉलवर क्लास करून बघितला. त्यांनी टाळी दिली आणि मी वाजवलं, तर मला वाटे मी बरोबर आहे आणि त्यांना वाटे मी मागे आहे. आवाज जायला-यायला लागणारा तो पाव सेकंद आम्हाला दोघांनाही वेड लावायचा. त्याहून विनोदी म्हणजे कॉलच्या अॅपला माझा डग्गा म्हणजे गोंगाट वाटायचा. बोलणं स्वच्छ ऐकू यावं म्हणून ते मागचे आवाज कापून टाकतं. पंखा, कुकरची शिट्टी आणि माझा डावा हात, तिन्ही एकाच न्यायाने. सेटिंगमध्ये जाऊन ‘ओरिजिनल साउंड’ चालू करायचं असतं हे शोधायला आम्हाला बराच वेळ लागला. शेवटी सोबत वाजवण्याचा नाद सोडला. मी पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग व्हॉट्सअॅपवर पाठवायचे, ते रात्री ऐकून उत्तर पाठवायचे. ‘‘तिसऱ्या आवर्तनापासून पळायला लागलीस. पलट्यात शिरताना दमतेस आणि ते लपवायला जोरात वाजवतेस.’’ बोलता बोलता ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं ते याच काळात कधीतरी, दोघांच्याही लक्षात न येता.

या रेकॉर्डिंगची सवय पुढे राहिली. माझ्या मते माझ्या तबल्याला फोनचा सगळ्यांत मोठा उपयोग हाच झाला. रेकॉर्डर म्हणून कोपऱ्यात उभा केलेला फोन फार प्रामाणिक असतो. वाजवताना माणूस स्वतःला ऐकत नाही, जे वाजवायचं ठरवलंय ते ऐकतो. पण त्यातही काय ऐकायचं हे मला सरांनी शिकवलं. आधीचं दीड वर्षही मी स्वतःला रेकॉर्ड करतच होते, फक्त बोल सुटला का आणि समेवर आले का, एवढंच तपासत होते.

लेहऱ्याच्या अॅपबद्दल माझं मत नंतर थोडं बदललं. एकटीने हात तयार करायला त्याच्यासारखं काही नाही. पण त्याची सम येते म्हणजे येते, तुम्ही कुठेही असा. रविवारी सरांकडे एक मुलगी गायला येते, ख्याल शिकते, आणि गेल्या वर्षीपासून तिच्या विलंबित एकतालाचा ठेका मी धरते. बारा मात्रा, पण एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची. आवर्तन पुरं व्हायला मिनिट लागतं. पहिल्या रविवारी मी मनात मोजत होते, एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार, आणि हिशोब चोख होता. ती मुखडा घ्यायला निघाली, शब्द जरा लांबवला, माझी सम तिच्या आधी येऊन बसली. ती हिरमुसली. सरांनी मला थांबवलं. ‘‘आकडे मोजत बसू नकोस. तिचा शब्द ऐक.’’ यावर कुठलं अॅप मिळालं तर मला हवंच आहे. आतापर्यंत तरी समोर माणूस गात असल्याशिवाय ते मला जमलेलं नाही, आणि आजही दर रविवारी जमतं असं नाही.

सर तंत्रज्ञानाचे शत्रू असतील असं त्यांचा रेडिओ बघून वाटतं. तसं नाही. त्यांची अर्धी तालीम रेडिओवर झाली आहे. आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला, तो शनिवारी रात्री लागायचा. साठच्या दशकात ते आणि त्यांचा एक मित्र चाळीतल्या एकाच रेडिओसमोर बसायचे. तबल्याचं एकलवादन असलं की वाटणी ठरलेली, पहिला अर्धा भाग एकाने लक्षात ठेवायचा, दुसरा दुसऱ्याने. कार्यक्रम संपला की जिन्यात बसून दोन्ही अर्धे जोडायचे. परत ऐकायची सोय नव्हती. त्यांचे गुरुजी बोल लिहूनही घेऊ देत नसत, आणि काही गोष्टी त्यांनी मरेपर्यंत कुणाला दिल्या नाहीत, हे सर अजूनही कडवटपणे सांगतात. गुरूने हातचं राखणं आणि माझ्या सरांनी मला रेल्यासाठी ताटकळत ठेवणं, या दोन गोष्टी दुरून सारख्या दिसतात. फरक असा की मला तो रेला मिळाला, पुढच्या वर्षी, मी मागायचं विसरले होते तेव्हा.

एकदा मी त्यांना फोनवर तबलावादक अहमदजान थिरकवाँ खाँसाहेबांचं जुनं रेकॉर्डिंग ऐकवलं. खाँसाहेब एकेकाळी बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत साथीला होते, पुढे पद्मभूषण झाले, १९७६ मध्ये गेले. सरांनी त्यांना तरुणपणी मुंबईत प्रत्यक्ष ऐकलं होतं. मी ते रेकॉर्डिंग आधी कितीतरी वेळा ऐकलं होतं आणि मला ते फार वेगवान न वाटल्यामुळे, खरं सांगायचं तर, त्याचं एवढं कौतुक का ते कळत नव्हतं. सरांना मी माझे मोठे हेडफोन दिले, त्यात डग्गा ऐकू येतो. ते डोळे मिटून बसले. एका जागी त्यांनी हात वर केला. ‘‘मागे घे.’’ मी घेतलं. ‘‘परत.’’ पेशकारातल्या एका ‘धा’नंतर डग्गा अगदी किंचित वर सरकत होता, आणि त्या सरकण्यामुळे पुढची मात्रा जरा उशिरा आल्यासारखी वाटत होती. ती उशिरा येत नव्हती, मी टाळी देऊन तपासलं. त्यांनी तीच जागा दहा-बारा वेळा ऐकली. साठ वर्षांपूर्वी जिन्यात बसून जे जुळवावं लागलं ते आता मागे घेऊन ऐकता येतं, याचा त्यांना झालेला आनंद बघण्यासारखा होता. आणि मला ती जागा त्यांनी हात वर केल्याशिवाय ऐकू आली नसती.

मला कुणी विचारलं की यूट्यूबवरून शिकू का, तर मी आता उलट विचारते की जवळ कुणी शिकवणारं आहे का. सगळ्या गावांत नसतं. माझी एक मावसबहीण चिपळूणजवळ राहते, तिला तासाभराच्या अंतरात कुणी नाही. तिला मी सांगितलंय की ताल, पढंत, लिपी बिनधास्त व्हिडिओवरून कर, पण हाताचं काम सुरू करायच्या आधी सुट्टीत चार दिवस कुणासमोर तरी बसून ये, आणि नंतर दोन-तीन महिन्यांनी परत जा. आणि फोनला हेडफोन लाव. तिने हेडफोन लगेच घेतले.

सध्या आमच्यात एका चक्रदारावरून, म्हणजे तिहाईसकट तीनदा वाजवायच्या तुकड्यावरून, वाद चालू आहे. मला तो एका तरुण वादकाच्या व्हिडिओत सापडला आणि त्यातल्या ‘धिरधिर’चा निकास, म्हणजे तो बोल हातातून काढायची पद्धत, मला सरांच्यापेक्षा सोपा वाटतो. सर म्हणाले दाखव. मी पाव वेगाने लावून दाखवला, तर त्यांनी मान दुसरीकडे फिरवली, पूर्ण वेगाने लाव म्हणाले, आणि ऐकून सांगितलं की हा पंजा फिरवत नाही, बोटांवरच काढतो, म्हणून आवाज पातळ येतो. मी म्हटलं, पातळ असेल, पण वेग बघा. ते म्हणाले, वेग छान आहे. मग बराच वेळ गप्प बसून त्यांनी मला तो व्हिडिओ पाठवायला सांगितला, आणि तो पाठवायचा कसा तेही शिकून घेतलं. तेव्हापासून रोज सकाळी सहाला मला सरांच्या दोन-तीन लिंका येतात. त्यातली एक हमखास उघडत नाही, आणि एक मीच त्यांना आदल्या आठवड्यात पाठवलेली असते.